ओट्यावरची विद्यार्थिनी

पाचूबंदर, वसई

प्रिय विनया,

अभिनंदन. आधी ‘मनापासून अभिनंदन’ असं लिहिलं होतं, पण मन काही केल्या कबूल होईना, म्हणून तो शब्द खोडला. तू म्हणशील, लुसी अजून तशीच, तिखट. तशीच आहे गं. खाऱ्या वाऱ्यात आणि सुक्या बोंबलांच्या वासात राहून कोणी गोड होत नाही. हल्ली कोणी कोणाला पत्र लिहीत नाही, हेही मला ठाऊक आहे. पण फोनवर लिहिलं असतं तर तू अर्धं वाचून मला नमस्काराचे दोन हात पाठवले असतेस आणि विषय मिटवला असतास. हा विषय मला इतक्या स्वस्तात मिटवायचा नाही.

तुला पुरस्कार मिळतोय हे मला आमच्या सासूबाईंकडून कळलं. माझा दीर जोएल त्यांना फोनवर काहीबाही लावून देतो, त्यात तुझी मुलाखत निघाली. तू त्या निळ्या पैठणीत. छान दिसत होतीस, खोटं कशाला बोलू. मुलांचं कथावाचन आणि त्यांची शाळेतली इंग्रजीतली प्रगती यावरचं तुझं संशोधन, त्याचं कौतुक चाललं होतं. तू सांगत होतीस, की मी कोळीवाड्यात जाऊन, ओट्यावर मांडी घालून, मुलांना आधी त्यांच्या भाषेत गोष्ट सांगायचे आणि मग तीच इंग्रजीत वाचायला द्यायचे. सासूबाई सोडे निवडत होत्या. त्यांचा हात थांबला. म्हणाल्या, “ही तीच बाय ना गो, आपल्याकडं बोंबील खाऊन, पानी पिऊन गेली ती? हिनं कवा गोष्टी सांगितल्या?” मी म्हटलं, आई, मीही तेच आठवून बघतेय.

मग तू आभार मानलेस. हर्षवर्धन भावोजींचे, सासरच्यांचे, व्यवस्थापनाचे, प्रबंध बांधून देणाऱ्या झेरॉक्सवाल्याचेसुद्धा. मी कान टवकारून बसले होते. झेरॉक्सवाल्यानंतर तरी माझा नंबर लागेल असं वाटलं होतं. नाही लागला. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो निदान बिळाबद्दल भाषण तरी करत नाही, विनया.

तुला आठवतं का, बी.एड.ला आपण एका बाकावर बसायचो तेव्हा तुला इंग्रजीचा सराव-पाठ म्हटलं की ताप यायचा? खरोखरचा ताप, अंग गरम. तू मराठी शाळेतून आलेली, वर्गात तोंड उघडलं की पाठीमागून कोणीतरी हसायचं. मी सिस्टरांच्या शाळेतली, तिथल्या वाचनालयातली सगळी गोष्टींची पुस्तकं फस्त केलेली. मग मी ती पुस्तकं पिशवीत घालून तुमच्याकडे फुलपाड्याला यायला लागले. एक खोली, एक स्वयंपाकघर, दाराशी तुझ्या आईचं शिलाई मशीन. मी वाचायचे, तू ऐकायचीस, आणि मध्येच मशीन थांबायचं. आई म्हणायच्या, “अगं पोरींनो, मलाही सांगा की काय झालं ते!” मग मी तेवढं पान मराठीत सांगायचे आणि पुढचं पान तू इंग्रजीत वाचायचीस, कारण काय चाललंय ते तुला ठाऊक झालेलं असायचं. गोष्ट कळली की शब्द आपोआप कळतात, त्यांना घाबरायला होत नाही. ही पद्धत म्हणून मी शोधली नाही. ती तुझ्या आईच्या अडाणी नव्हे, चांगल्या सणसणीत उत्सुकतेतून आली. बी.एड.ला तुझा पाठ वर्गात पहिला आला, तेव्हा तू माझ्या गळ्यात पडून रडली होतीस.

आपण दोघी एकाच जूनमध्ये त्या इंग्रजी शाळेत लागलो. तू पुढे पर्यवेक्षिका झालीस, मी धाकट्या वर्गांना इंग्रजी आणि वाचनालय सांभाळत राहिले. मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही. माझा गोष्टींचा तास होता आणि तो मला पुरत होता. मुलं जिन्यावरून धावत वाचनालयात यायची, तुम्ही लोक ओरडायचात. मी आधी मराठीत गोष्ट सांगायचे, मध्येच सोडायचे, आणि उरलेली पुस्तकात आहे म्हणायचे. पुस्तकावर झुंबड उडायची. शब्द अडले तरी मुलं पुढे जायची, कारण राक्षस दारात उभा असताना कोणी शब्दकोश उघडत नाही.

आता त्या पालकसभेबद्दल लिहिते. तू विसरली असशील. खाणारा विसरतो, ज्याच्या ताटातलं गेलं तो विसरत नाही. एक वडील उभे राहिले आणि म्हणाले, फी इंग्लिश मीडियमची भरायची आणि आमच्या मुलांनी लांडग्याची गोष्ट मराठीत ऐकायची का? प्रश्न वाजवी होता. त्याचं उत्तर सबंध सभागृहात तुझ्याइतकं चांगलं कोणालाच ठाऊक नव्हतं. तू उठलीस, माईक घेतलास. मला वाटलं, आता तू फुलपाड्याचं सांगणार. तू म्हणालीस, लुसी टीचरचं इंग्रजी जरा कच्चं आहे, त्यामुळे त्या मराठीचा आधार घेतात, आम्ही त्यात लक्ष घालतो आहोत. ‘जरा.’ तेवढी तुझी माया. खाली आमच्या पाचूबंदरच्या बायका बसल्या होत्या, ज्यांची मुलं मी शिकवत होते. त्या खाली मान घालून बसल्या, माझ्याऐवजी त्यांनाच लाज वाटली.

गोष्टींचा तास गेला, त्या जागी व्याकरणाच्या वर्कबुका आल्या. वर्षअखेरीला माझं कंत्राटही वाढवलं नाही. तू मला गेटपर्यंत सोडायला आली होतीस आणि ‘माझ्या हातात काही नव्हतं गं’ म्हणाली होतीस. माईक होता की तुझ्या हातात.

मी घरी बसले ते रडत नाही बसले, चिडून बसले. वाचनालयातली पुस्तकं रद्दीत काढली तेव्हा आपला शिपाई शत्रुघ्न त्या गोण्या माझ्या ओट्यावर आणून टाकून गेला. म्हणाला, “टीचर, रद्दीवाला ह्यांना तोलेल, तुम्ही वाचाल.” मी त्या उघडल्या, आणि दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर शेजारची पोरं येऊन बसली. समोर बोंबील वाळत घातलेले, बाजूला जाळी विणणारे पुरुष, आणि मध्ये माझी शाळा. फी नाही, परीक्षा नाही. एकच नियम केला. वाचलेली गोष्ट घरी कोणाला तरी घरच्या भाषेत सांगायची, तोवर दुसरं पुस्तक मिळणार नाही. खोटं बोलायची सोय नव्हती, कारण पुरावा चालत यायचा. बाजारात मासळीच्या पाट्या घेऊन बसलेल्या आज्या मला हाका मारायच्या, “गो लुसी, त्या आंधल्या राजाचा पुढं काय झाला? पोरगा अर्ध्यावर झोपला!” इतकं शिक्षण मी बी.एड.लाही पाहिलं नव्हतं.

आणि मग शाळेत आमच्या पोरांचे इंग्रजीचे गुण वाढले. तुझ्या वर्कबुका भरणारी मुलं तिथेच राहिली आणि सुकट विकणाऱ्यांची पोरं निबंध लिहायला लागली. तुझ्या ते लक्षात आलं. तू हुशार आहेस, ते मी कधीच नाकारलं नाही. तू पेढे घेऊन माझ्या दारात आलीस. ‘झालं गेलं विसरू या’ म्हणालीस. आणि मी काय केलं? बोंबील तळले! तू कोकणातली, दोन्ही हातांनी खाल्लेस, आणि खाता खाता विचारत राहिलीस, गोष्ट कशी निवडतेस, कुठे सोडतेस, घरी सांगायचा नियम कसा सुचला. मी सगळं सांगितलं. मला वाटलं, मैत्रीण परत आली. नंतर तू दोन-तीनदा सुट्टीच्या दिवशी आलीस, मुलांच्या चाचण्या घेतल्यास, सासूबाईंबरोबर फोटो काढलास. मग तुझे फोन थांबले. आणि आता ती निळी पैठणी.

इथवरचं सगळं तुला ठाऊक होतं. आता जे ठाऊक नाही ते सांगते.

मुलाखतीत तू म्हणालीस, की तू मुलांचे दोन गट केलेस. एक गोष्टी वाचणारा, एक फक्त वर्कबुका भरणारा. पहिला गट पुढे गेला, दुसरा नाही गेला. दुसऱ्या गटात एकच मुलगी अशी निघाली, की ती सगळ्यांच्या पुढे गेली, गोष्टीवाल्यांच्याही. ‘ती माझीच लेक ऋतिका,’ असं सांगताना तू किती गोड हसलीस. घरी मी तिच्यावर मेहनत घेते, रोज मोठ्यानं वाचून घेते, त्याचं हे फळ, म्हणून तिला अपवाद धरून हिशेबातून वगळलं, असं तू म्हणालीस. मुलाखत घेणारी बाई ‘वा वा’ म्हणाली. इकडे ओट्यावर मी आणि सासूबाई एकमेकींकडे बघून इतक्या हसलो, की वाळत घातलेल्या बोंबलांवरचे कावळे उडाले.

विनया, ती अपवाद नव्हती. ती तुझ्या चुकीच्या गटात बसली होती.

तू शाळा सुटल्यावर दहावीचे जादा तास घेतेस आणि तोवर ऋतिका रिकाम्या वर्गात वर्कबुक भरत बसते, असं तुला वाटतं. दोन पावसाळ्यांपूर्वी शत्रुघ्न तिला हाताला धरून मागच्या गेटनं माझ्याकडे घेऊन आला. म्हणाला, “टीचर, ही रोज एकटीच बसून रडते. मॅडमचे तास सुटेपर्यंत बसू दे हिला इथं.” मी तिला पुस्तक दिलं. तिनं ते उघडलं नाही. आधी माझ्या हाताकडे बघितलं. मला कळेना. मग कळलं, ती माझ्या हातात लाल पेन शोधत होती. रोज रात्री तू तिच्यासमोर लाल पेन घेऊन बसतेस ना? एक शब्द चुकला की पुन्हा पहिल्यापासून. दारातून आत कधी जायचंच नाही, उंबऱ्यावरच ठेचा खात राहायचं, असं तिचं वाचन झालं होतं. ज्या पोरीच्या आईला इंग्रजीनं ताप यायचा, त्या आईनं हे करावं!

मी तिला वाचायला लावलंच नाही. नुसती इतरांत बसवली, गोष्टी ऐकवल्या. एक दिवस आमच्या शेजारच्या जेन्सनला वाचताना अडलं आणि ही मागून पटकन शब्द बोलून गेली, मग तोंडावर हात ठेवला. कोणी रागावलं नाही. तिथून सुटली ती सुटलीच. तिलाही नियम तोच, घरी कोणाला तरी गोष्ट सांगायची. तुला सांगायची सोय नव्हती. भावोजी कामावरून येतात तोवर ती झोपलेली. मग कोणाला सांगत असेल? विचार कर. तुमच्या चंदनसारच्या फ्लॅटमध्ये खिडकीपाशी अजून ते शिलाई मशीन आहे ना? तुझ्या आई मला फोन करतात, विनया. दार लावून घेऊन करतात. “लुसी, त्या कोल्ह्याचं पुढे काय झालं गं? ही कार्टी सांगत नाही, उद्यावर ढकलते.” तुझ्या घरात तू सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. भावोजींनाही गेल्या दिवाळीत कळलं. त्यांनी मला एवढंच कळवलं, की चालू राहू दे.

तुला सांगायला हवं होतं, असं तू म्हणशील. सांगितलं असतं तर तू त्याच संध्याकाळी मागचं गेट बंद करून घेतलं असतंस. तेव्हा नाही सांगितलं आणि त्याबद्दल मला काडीचाही पश्चात्ताप नाही. चर्चमध्ये प्रायश्चित्ताला गेले तेव्हा फादरांना मात्र सांगितलं, की माझ्या मनात एका मैत्रिणीबद्दल सूड आहे. फादर म्हणाले, क्षमा कर. मी म्हटलं, करणारच आहे फादर, पण आधी सूड, मग क्षमा.

आणि मग तुझा फोन आला. इतक्या महिन्यांनी, मधासारखा आवाज. कार्यक्रमात प्रकल्पातल्या एका मुलीनं इंग्रजी गोष्ट वाचून दाखवायची आहे, तुझ्याकडची एखादी चुणचुणीत पाठव, कोळी पोशाखात असली तर स्टेजवर छान दिसेल. माझ्या मुलांनी तुझ्यासाठी लुगडं नेसून नाचायचं तेवढं राहिलं होतं. मी म्हटलं, पाठवते. तू ‘लुसी, तू ग्रेट आहेस’ म्हणालीस.

मी मुलांना विचारलं, कोण वाचेल? आईच्या कार्यक्रमाची गोष्ट म्हटल्यावर ऋतिकानं हात वर केला. मी आधी नाही म्हटलं. तुझ्यावरचा राग माझा आहे, तो लेकराच्या हातात कशाला द्यायचा? तिला तसं समजावलंही. ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, “टीचर, आईनं मला वाचताना कधी ऐकलंच नाहीये. तिनं फक्त माझ्या मिस्टेक्स ऐकल्यात.” त्यानंतर मी तिला अडवलं नाही. अडवायचं बळही नव्हतं, आणि इच्छाही नव्हती.

तेव्हा आता ऐक. हे पत्र मी शत्रुघ्नजवळ दिलं आहे आणि तू मंचावरच्या खुर्चीत बसल्यावरच तुझ्या हातात द्यायला सांगितलं आहे. समोर समई, बाजूला पाहुणे. तिथून उठून जाता येत नाही. प्रमुख पाहुणे बोलायला उभे राहिले की लवकर बसत नाहीत, तेव्हा वाचायला तुला वेळ आहे. पाहुण्यांचं झालं की सूत्रसंचालन करणारे आपल्या शाळेतले आलोशियस सर पाचूबंदरच्या ओट्यावरच्या विद्यार्थिनीचं नाव पुकारतील, आणि पहिल्या रांगेत भावोजी आणि तुझ्या आई यांच्यामधून तुझी लेक उठेल. कोळी पोशाख नाही घातलेला, तुझीच मुलगी दिसावी म्हणून. गोष्ट तिनं स्वतः निवडली आहे. दोन जागी तिचे उच्चार चुकतात. मी मुद्दाम सुधारले नाहीत, कारण मला बघायचं आहे, तुला आज चुका ऐकू येतात की गोष्ट. मी येणार नाही. मला टाळ्या नकोत, शाल नको, झेरॉक्सवाल्याच्या मागचा नंबर नको. तिचं वाचून झालं की रिवाजाप्रमाणे माईक तुझ्या हातात देतील आणि विचारतील, की बाई, या मुलीला तुम्ही कसं घडवलंत? पालकसभेत तुझ्यासमोर मी होते, तेव्हा तुला सोपं गेलं. आज समोर ऋतिका असेल, आणि तिला सगळं ठाऊक आहे. खोटं बोलायचं असेल तर खुशाल बोल, विनया. पण तिच्याकडे बघून बोल.

तुझीच,
लुसी